सुनेचं पोट, मुलाचं वजन

माझ्या सुनेच्या हातातली कात्री या अख्ख्या बाजारात सगळ्यात सरळ चालते. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही. मला तिची कात्री सरळ हवी होती, मान ताठ नको होती.

आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. पुढे शिलाई मशीनं, मागे कापायचं टेबल, आणि टेबलामागच्या दोन पायऱ्या चढल्या की आमचं घर. मशीनवर बसायला माणसं मिळतात, कापायला मिळत नाहीत. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वर खडूने माप आखायचं आणि कात्री घालायची. चुकलं तर एक सदरा चुकत नाही, सगळा गठ्ठा चुकतो. हे काम बसून होत नाही. टेबलाला पोट टेकवून, दोन्ही पायांवर भार देऊन, वाकून उभं राहावं लागतं. दुकान मी चालवते असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खोटं नाही. पण दुकान उभं आहे ते तिच्या पायांवर.

मुलगा आहे ना, तो काय करतो, असं कुणी विचारेल. माझ्या मुलाला सगळा बाजार ‘बरंय’ म्हणतो. गिऱ्हाईक म्हणालं गळा घट्ट झाला, हा म्हणणार बरंय. म्हणालं सैल झाला, तरी बरंय. मी म्हटलं तू गाढव आहेस, तर तेही बरंय. त्याचं लग्न ठरवताना मी मुलीकडच्यांना सांगितलं होतं, मुलगा फार शांत आहे. त्यात खोटं काय होतं? दगडही शांतच असतो.

तर सुनेचं पोट बिघडलं. आधी आम्ही म्हटलं, काहीबाही खाल्लं असेल. मग ती कापता कापता कात्री टाकून पळायला लागली. कधी कधी तर एकाच सदऱ्याची पाठ आणि पुढचा भाग कापायच्या मध्ये दोनदा. मग रक्त पडायला लागलं, ते तिने लपवलं. गाल बसले, बांगडी कोपरापर्यंत चढायला लागली. शेवटी मीच म्हटलं, चला मोठ्या इस्पितळात.

त्या इस्पितळात पोटाच्या आजारांचा वेगळा विभाग आहे. चकचकीत फरशी, थंडगार हवा, बसायला निळ्या खुर्च्या. आणि पोटाच्या त्या विभागातल्या संडासाला कुलूप! किल्ली रखवालदाराकडे, आणि रखवालदार चहाला. माझी सून त्या निळ्या खुर्चीवर घामाने भिजून, ओठ चावून बसली होती. शेवटी जे व्हायचं ते झालं. मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि आजूबाजूच्या लोकांकडे असं पाहिलं की सगळे छताला बघायला लागले. घरी येताना ती म्हणाली, “आई, मी इथे परत पाय ठेवणार नाही.”

पण त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तपासणी मात्र नीट केली होती. नळी घालून पाहिलं, आणि म्हणाले, मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्यात. हा आजार जात नाही, पण धाकात ठेवता येतो. पांढऱ्या गोळ्या दिल्या. “यांनी लगेच आराम पडेल. महिन्याने दाखवा, मग या कमी करत नेऊ आणि दुसरं औषध सुरू करू.”

आराम कसला, चमत्कारच म्हणायचा! आठवडाभरात रक्त थांबलं. पळापळ थांबली. सून ताटावर बसली की उठेना. महिना भरेपर्यंत गाल वर आले, रंग आला, टेबलाशी उभी राहिली की गाणं गुणगुणायची. मी त्या डॉक्टरांना मनातल्या मनात हात जोडले.

महिना झाला तेव्हा शाळा उघडायचे दिवस होते, आणि तिला ती निळी खुर्ची आठवत होती. म्हणाली, “मी नाही येणार. आता बरी तर आहे.” मग बरंय म्हणाला, “मी जाऊन दाखवून येतो.”

काय दाखवणार होता ते मी तेव्हा विचारलं नाही. गिऱ्हाइकांची रांग लागली होती. तो फाइल घेऊन गेला आणि चिठ्ठी घेऊन आला.

“काय म्हणाले?”

“चालू ठेवा म्हणाले.”

“दुसरं औषध देणार होते ना?”

“मोठे डॉक्टर परिषदेला गेलेत. दुसरे होते. ते म्हणाले, बरं आहे ना, मग हेच चालू ठेवा.”

पुढच्या वेळी तिसरे होते. त्याच्या पुढच्या वेळी एक इतका कोवळा होता म्हणे की बरंयला वाटलं, हाही कुणाची तरी फाइल घेऊन आलाय. सगळ्यांनी आधीच्या चिठ्ठीत डोकावून पाहिलं आणि पुढची चिठ्ठी लिहिली. आधीच्याने लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार, असं प्रत्येकाला वाटलं. आमच्यात कपडा शिवताना आधी कच्चा टाका घालतात, मग पक्की शिलाई मारतात आणि कच्चा दोरा ओढून काढतात. इथे कच्च्या टाक्यावरच कपडा अंगात चढवला आणि सगळे शिंपी एकमेकांची पाठ थोपटत घरी गेले.

इकडे सून फुगत चालली. माझी मोठी बहीण आली होती, तिला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. दारातूनच म्हणाली, “अगंबाई, सुनेला काय खुराक घालतेस गं? चेहरा केवढा गोल झालाय!”

मी म्हटलं, “माझ्या घरचं अंगी लागतं. तुझ्याकडच्या सुना का वाळतात ते तू बघ.”

मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं? पण सुनेचे हातपाय काडीसारखेच राहिले, नुसतं तोंड आणि पोट वाढलं. ओठावर लव आली. जरा टेबलाचा कोपरा लागला की काळंनिळं व्हायचं. झोप उडाली. आणि जीभ सुटली! एकदा मी म्हटलं, बाही अर्धा बोट आखूड वाटते, तर म्हणाली, “मग कापा तुम्हीच.” लग्न होऊन आल्यापासून या घरात तिने असं वाक्य उच्चारलं नव्हतं. मशीनवरच्या बायकांचे पाय पायडलवर थांबले. मी कात्री उचलली आणि परत खाली ठेवली, कारण मला येत नाही.

मधेच कधी तिने गोळी कमी करून पाहिली, तर पोट पुन्हा उसळायचं. मग पुन्हा पूर्ण गोळी. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा ‘चालू ठेवा’. असं करत करत वर्ष उलटून गेलं.

मग ती लंगडायला लागली. आधी जांघेत चमक निघते म्हणाली. मी म्हटलं, उभं राहून राहून होतं, तेल लाव. मग एक दिवस टेबलाकडून घराच्या त्या दोन पायऱ्या चढताना तिचा उजवा पाय वर येईचना. हाताने मांडी धरून उचलला तेव्हा आला. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तोंड भिंतीकडे करून ती रडत होती, आवाज न करता, म्हणजे मशीनवाल्यांना कळू नये म्हणून.

मी दुकानाचं शटर ओढलं. बरंय म्हणाला, “आई, गिऱ्हाईक...”

“गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. फाइल घे. आज आपण तिघं जायचं.”

सून म्हणाली, “मी त्या खुर्चीवर बसणार नाही.”

“नको बसूस. किल्ली आधी हातात घेईन, मगच तुला आत नेईन.”

आणि तसंच केलं. रखवालदाराच्या समोर हात पसरून उभी राहिले. तो म्हणाला, “किल्ली कुणाला देत नाहीत.” मी म्हटलं, “मग तू माझ्या सुनेच्या खुर्चीशेजारी बस, आणि जे होईल ते तू पूस.” किल्ली मिळाली. संडासाच्या दाराच्या बरोबर वर काचेच्या चौकटीत मोठा कागद लावला होता. मी चौथी शिकलेय, जोडाक्षराला अडते, पण सवडीने वाचलं. सेवेच्या गुणवत्तेबद्दल प्रथम पारितोषिक.

आमचा नंबर आला. वजन करणारी मुलगी काट्याशेजारी बसली होती. तिने मान वर केली आणि बरंयकडे बघून ओळखीचं हसली.

“या काका. पोट कसं आहे?”

“बरंय,” आमचा दगड म्हणाला. आणि चपला काढून सवयीने वजनकाट्यावर चढला!

मी बघतच राहिले. सूनही बघत राहिली. मुलीने आकडा वाचला, फाइलमध्ये लिहिला, म्हणाली, “मागच्याइतकंच आहे. छान.” मग त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळायला लागली.

“थांब,” मी म्हटलं. “ही फाइल कुणाची?”

“पेशंटची.”

“पेशंट कोण?”

तिने बरंयकडे बोट दाखवलं.

“अगं बये, फाइलवर नाव बाईचं आहे. या बाईला मिशी आहे, ती तुला दिसली नाही?”

मुलगी फाइलवरचं नाव आणि मिशी आळीपाळीने बघायला लागली. मी मुलाकडे वळले. “वर्षभर तू काट्यावर चढत होतास?”

“त्यांनी चढा म्हटलं.”

“आणि हात पुढे करत होतास?”

“त्यांनी करा म्हटलं. आई, मला वाटलं, घरच्या माणसाचंही बघत असतील.”

सून तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती हसायला लागली. इतकी हसली की जांघेत कळ आली आणि ती खाली बसली, तरी हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “माझं वजन वाढलं नाही म्हणून सगळे खूश होते. तुमचं कसं वाढेल? जेवायला मीच वाढते ना!”

गलका ऐकून मोठे डॉक्टर आपल्या खोलीतून बाहेर आले. परिषदेहून परतले होते वाटतं. म्हणाले, “काय झालं आजी? शांत व्हा. आमच्या विभागाला सेवेचं पहिलं पारितोषिक आहे.”

“वाचलं. संडासाच्या कुलपावर टांगलंय.”

“आमच्याकडे पेशंटच्या तक्रारी सगळ्यात कमी आहेत.”

“तक्रार कोण करणार? पेशंट घरी, आणि तुम्ही तपासताय या ठोंब्याला. याची कशाबद्दलच तक्रार नसते. आणि मला आजी म्हणू नका. मी तुमची आजी असते तर तुम्ही रुग्णाचं तोंड बघितल्याशिवाय चिठ्ठी लिहिली नसती.”

त्यांना तेवढ्यात फोन आला. मोठ्या माणसांना बरोबर अशाच वेळी फोन येतात.

आम्हाला बाजूच्या खोलीत एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. नव्याच आल्या होत्या, जाड चष्मा, तोंडावर हसू नाही. त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली आणि सुनेला पलंगावर झोपवलं. पोट दाबलं. पाठीचे मणके एकेक चाचपले. दंडावरचे काळे डाग पाहिले. पाय गुडघ्यात वाकवून बाहेर वळवला तशी सून किंचाळली.

“या गोळ्या कधीपासून?”

सुनेने सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“हे स्टेरॉइड आहे. पेटलेलं विझवायला देतात. विझलं की हळूहळू काढून घेतात आणि आजार दाबून ठेवायला दुसरं औषध देतात. वर्ष वर्ष खायची ही गोळी नाही. हा गोल चेहरा, ही लव, झोप नसणं, चिडचिड, सगळं तिच्यामुळे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि तुम्ही घरातच असता ना? चेहरा असा सुजलेला दिसला नाही?”

बहिणीला काय ऐकवलं होतं ते मला आठवलं.

बरंय म्हणाला, “मग आजपासून बंद करतो.”

“अजिबात नाही!” बाई ओरडल्याच. “एकदम बंद केल्या तर ती कोसळेल. शरीर स्वतःचं काम विसरलंय. पायरी पायरीने उतरवायचं, मी सांगेन तसं. आणि आधी कमरेचा फोटो.”

तो मोठ्या यंत्रातला फोटो निघाला. उजव्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झाला होता, हाड आतून मरायला लागलं होतं. बाईंनी लपवाछपवी केली नाही. “अजून खुब्याचा गोळा खचलेला नाही. भार दिला नाही तर वाचू शकेल. दिला तर खचेल, आणि मग खुबा बदलावा लागेल. आजपासून कुबड्या. टेबलाशी उभं राहायचं नाही. पोटासाठी सलाइनमधून नवीन औषध देऊ, ते लागू पडायला वेळ लागतो. गोळी उतरवताना आजार मधे उसळू शकतो. तेव्हा घाबरून मनानेच गोळी वाढवायची नाही, माझ्याकडे यायचं.”

बाहेर पडताना दाराशी एक यंत्र उभं होतं. त्यावर तीन तोंडं, एक हसरं, एक सपाट, एक रडकं. सेवा कशी वाटली ते दाबून सांगायचं. रखवालदार म्हणाला, “हसरं दाबा.”

“वर्षभर कुठलं दाबत होतास?” मी मुलाला विचारलं.

त्याने मान खाली घातली. विचारायलाच नको होतं.

सून त्या हसऱ्या तोंडाकडे बघत म्हणाली, “आई, हे माझ्यासारखंच दिसतं. गोल.” आणि कुबडीच्या टोकाने तिने रडकं दाबलं. यंत्र म्हणालं, धन्यवाद.

घरी आलो तेव्हा टेबलावर तीन शाळांचं कापड रचलेलं होतं. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. संध्याकाळी बरंय माझ्याजवळ आला. “आई, एवढा हंगाम जाऊ दे का? गोळ्या आहेत तशा घेईल, उभं राहताना टेकायला स्टूल देऊ. मग सावकाश...”

वाईट याचं वाटलं की आतून सूनही म्हणाली, “हो आई. पंधरवड्यात सगळं कापून टाकते. एवढं वर्ष गेलं, त्यात पंधरवडा काय!”

ती टेबलाशी येऊन उभीही राहिली होती. कुबडी भिंतीला, खडू हातात, सगळा भार डाव्या पायावर. पण वाकताना डावा पाय एकटा पुरत नाही. तिने उजवा टेकवला आणि ओठ दाताखाली दाबला. तसाच, निळ्या खुर्चीवर दाबला होता तसा.

मी तिच्या हातातून खडू काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाडी बोलावली, सगळ्यात मोठ्या शाळेचं कापड तिच्यात भरलं आणि परत द्यायला गेले. शाळेच्या कचेरीतला कारकून म्हणाला, “मावशी, इतकी वर्षं तुमच्याकडे शिवतो, आणि ऐन वेळी? मुलं काय घालतील?”

“गेल्या वर्षीचे घालतील.”

“आखूड होतील.”

“होऊ देत. पोरांचे गुडघे दिसतील, त्याने काही बिघडत नाही.”

“मग काम तुमच्या समोरच्या दुकानाला जाईल. आणि एकदा गेलं की गेलं, सांगून ठेवतो.”

“द्या,” मी म्हटलं. शब्द तोंडातून निघताना खरवडत आला. समोरच्या त्या शिंप्याला मी आयुष्यात कधी सरळ नमस्कार केलेला नाही.

घरी आले तर सून पलंगावर उठून बसलेली, चेहरा लाल. “मला न विचारता परत दिलंत? ते काम माझं होतं! कापते मी! सगळे मिळून माझ्यावतीने जाता, बोलता, ठरवता. हे गेले तसेच तुम्ही गेलात.”

“गोळीमुळे बोलतेस,” मी म्हटलं.

“गोळीमुळे नाही, मी बोलतेय!”

मशीनं पुन्हा थांबली. बरंयने ‘ब’ म्हणायला ओठ मिटले, माझ्याकडे पाहिलं आणि तसेच मिटून ठेवले.

मी तिच्या पायथ्याशी बसले. म्हटलं, “उरलेल्या दोन शाळांचं काय करायचं ते तू सांग. मी त्यात बोलणार नाही.”

तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, “लहान शाळेचं ठेवू. टेबल कापून खाली करा, मला बसून पुरेल इतकं. थर कमी लावू. दुसऱ्या शाळेचं कापड मी स्वतः फोन करून परत देते.” आणि मग हळूच, “तो समोरचा शिंपी गळा फार वर कापतो, आई. पोरांना काचेल.”

“काचू दे,” मी म्हटलं. पण मलाही वाईट वाटलं.

टेबलाचे पाय कापताना सुतार हळहळला. सागवान होतं.

गोळी एकेक पायरी उतरत गेली. मधे एकदा पोट उसळलं, रक्त दिसलं, ती पांढरीफटक झाली. गोळ्यांची पट्टी तिच्या उशाशीच होती. तिने ती उचलली, बराच वेळ हातात धरली आणि मग मला म्हणाली, “गाडी बोलवा. मला बाईंकडे जायचंय.”

गेलो. वजन करणाऱ्या मुलीने या वेळी बरंयला काट्याच्या जवळपासही येऊ दिलं नाही. सुनेचं नाव पुकारलं. आम्ही तिघंही उठलो. सुनेने कुबड्या काखेत घेतल्या, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही बसा.” आत गेली, दार लावून घेतलं.

मी दारावरच्या काचेतून बघायचा प्रयत्न केला, पण काच दुधी होती. पोटाच्या दुखण्याला इतका वेळ काय बोलायचं असतं? आत बाईंचा आवाज, मग सुनेचा आवाज, मग दोघींचा एकदम. एकदा तर हसल्यासारखंही वाटलं.

बरंय कुजबुजला, “आई, काय बोलत असतील?”

“तुला काय करायचंय? पोट तिचं आहे.”

तो खुर्चीवर बसला. मीही बसले. हात मांडीवर ठेवून दुसऱ्या कुणाची वाट बघत बसायची मला सवय नाही. पण बसले.